मातृभोजन

नंदूच्या मुंजीत मातृभोजनाला कोण बसणार, हा प्रश्न मला सहा महिने आधीपासून पडला होता आणि मी तो कुणाला सांगितला नव्हता.

मातृभोजन म्हणजे काय, हे हल्लीच्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगते. मुंजीच्या सकाळी, मुलाच्या डोक्यावरून वस्तरा फिरायच्या आधी, आई त्याला घेऊन जेवायला बसते. दोघांत एकच ताट. ह्यानंतर मुलगा ब्रह्मचारी झाला, आता आईच्या ताटात जेवायचं नाही, म्हणून हे शेवटचं. बायका डोळ्यांना पदर लावतात, फोटोवाला फोटो काढतो. सगळा मिळून दहा मिनिटांचा मामला.

मी वनमाला, नंदूची आत्या. जयवंत माझा धाकटा भाऊ. आम्ही मूळचे राजापूरकडचे. जयवंत गिरणीत टाइमकीपर होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बसली ती बसलीच, मग साकीनाक्याला पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागला. नाहूरला दोन खोल्यांचं घर. गॅलरीत तुळस, आत देव्हारा, आणि देव्हाऱ्याच्या बाजूला माझी ट्रंक.

नंदूचं बारसं झालं तेव्हा मी चांगली सुवासिनी होते. पाळण्यात नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. त्याच्या कानात कुर्र करून मी ‘नंदकिशोर’ म्हटलं, आणि बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की दोन दिवस पाठ धरली होती. त्याच मार्गशीर्षात आमचे हे गेले. पोस्टात होते, छातीत दुखतंय म्हणून घरी आले ते पुन्हा उठलेच नाहीत. मला मूलबाळ नव्हतं. पुढच्या दिवाळीच्या आत नंदूची आई गेली. विमला तिचं नाव, स्वभावाने गुणी, जरा आळशी पण गुणी. काविळीचं निमित्त झालं. एक म्हणाला झाडपाला द्या, एक म्हणाला इस्पितळात न्या, ह्या गोंधळात आठ दिवस गेले आणि बाई हातची गेली. पोर चौदा महिन्यांचं.

जयवंताचं पत्र आलं, ताई तू ये. मी आले.

लोक म्हणायचे, माय मरो पण मावशी जगो. म्हणोत बापडे. मी मावशी नव्हते. आत्याबद्दल आपल्यात म्हण आहे ती एकच, मिशांची.

पोर वाढवणं म्हणजे काय असतं ते मी सांगत बसत नाही. ज्यांनी वाढवलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही वाढवलं त्यांना सांगून उपयोग नाही. पण एवढं सांगते की मी त्याला वाऱ्यावर वाढवला नाही. ज्या वयाला जे करायचं ते त्या वयाला केलं. तिसऱ्या वर्षी जावळ काढलं. मामाच्या मांडीवर बसवून काढतात, तसा विमलाचा भाऊ आला होता. नंदू तिथे ‘आत्या, आत्या’ करून घसा फोडत होता आणि मी स्वयंपाकघरात शिरा ढवळत होते. कुणी मला अडवलं होतं असं नाही. पण कपाळावर कुंकू नसलेल्या बाईने शुभकार्यात पुढे होऊ नये, हे मला कुणी सांगावं लागत नाही. शेवटी शेजारच्या चंपाबेननी त्याच्या तोंडात पेढा कोंबला तेव्हा तो गप्प झाला.

तुम्ही म्हणाल, किती मागासलेली बाई. म्हणा. पण दोन वर्षांच्या आत माझी दोन माणसं गेली. माझ्या पायगुणाने गेली असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, मीच म्हणायची. आता उरला होता हा एक. त्याच्यावर कसली परीक्षा बघायची?

दसऱ्याला मात्र पाटीपूजन मीच केलं. घरातल्या घरात होतं, बघायला कोण येतंय. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, त्याचं बोट धरून ‘श्री’ गिरवून घेतला. पुढे रोज संध्याकाळी दिवा लागला की परवचा, मग पाढे. पहिलीत होता तेव्हा पंधरापर्यंत पाढे तोंडपाठ होते, आणि शाळेतल्या बाईंनी विचारलं की घरी कोण शिकवतं, तर म्हणाला, माझी आत्या. मी त्या दिवशी साखरभात केला होता.

आणि जेवणाचं वळण. त्यात मी कुणाचं ऐकलं नाही. ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय घास नाही. पानात टाकायचं नाही. उष्ट्या हाताने डाव धरायचा नाही. आणि कुणाचंही उष्टं खायचं नाही, मग तो देव का असेना. हे मी त्याच्या अंगात मुरवलं होतं. दोन वर्षांचा होता तेव्हा माझ्या ताटाकडे हात करायचा. मी हात बाजूला सारायची आणि म्हणायची, उष्टं आहे, राजा, हे नाही खायचं. मग त्याच्या वाटीत निराळा भात कालवून द्यायची. वाईट वाटायचं का? वाटायचं. बाकीच्या आया आपल्या तोंडातला घास काढून पोराच्या तोंडात घालतात, ते मला दिसत नव्हतं का? पण मी आई नव्हते. आईला जे खपतं ते आत्याला खपत नाही, आणि परक्या बाईने पोराचं वळण बिघडवलं असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून मी चार बोटं जास्तच कडक राहिले.

एकदा शाळेतून आला आणि म्हणाला, लवूने अर्धा पेरू दिला. मी विचारलं, कापून दिला? तर म्हणे नाही, शर्टात धरून चिमणीच्या दाताने तोडला. चिमणीच्या दाताने तोडलं की उष्टं होत नाही, हे पोरांचं शास्त्र. मी त्याला मोरीत नेऊन सात चुळा भरायला लावल्या. रडला. पण पुन्हा म्हणून कधी कुणाच्या तोंडचं खाल्लं नाही. चंपाबेन म्हणायच्या, वनुबेन, ए तो महाराज छे. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सातवं लागलं तसा मी जयवंताच्या मागे मुंजीचा लकडा लावला. मुंज करायची तर बाप आणि बापाच्या शेजारी बायको बसायला पाहिजे. बायको नसेल तर काका-काकू बसतात, तसंही चालतं, आमचा चुलतभाऊ ठाण्याला आहे. जयवंत तेच म्हणत होता. पण मी हटूनच बसले. म्हटलं, तुझा संसार असा लंगडा किती दिवस ठेवणार, माझे हातपाय थकले की पोराला कोण बघणार? तो तीन महिने नाही नाही म्हणत होता. शेवटी कंटाळून हो म्हणाला. मुलगीही मीच शोधली. माझ्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला असं मी पुढे कितीदा म्हटलं असेल, पण मनातल्या मनात.

सुनंदा घाटकोपरची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं करता करता वय बत्तीस झालेलं. रंगाने सावळी, आवाज मात्र गोड, नोकरीच तसली. लग्न चौऱ्याऐंशीच्या माघात झालं. मी नंदूला सांगितलं, हिला आई म्हणायचं. त्याने मान डोलावली आणि तिला काहीच म्हटलं नाही. काही हवं असलं की तिच्याजवळ जाऊन उभा राहायचा. तिने मान वर केली की बोलायचा. सव्वा वर्ष असंच चाललं. ती बिचारी भांडी घासताना, केस विंचरताना दर दोन मिनिटांनी मागे वळून बघायची, न जाणो येऊन उभा असेल.

मी तिला छळलं नाही. पण तिचं कामाचं वळण मला खपायचं नाही. आमटी उकळत असताना डावातली आमटी तळहातावर घेऊन चाटून बघायची, मीठ आहे का म्हणून, आणि तोच डाव पुन्हा पातेल्यात. पहिल्या वेळी मी सबंध पातेलं मोरीत ओतलं. तिने बघितलं, दुसरी आमटी टाकली, आणि त्यानंतर कधी चव घेतली नाही. कधी खारट व्हायची, कधी अळणी. आम्ही मुकाट्याने जेवायचो.

एका रविवारी ती नंदूला घेऊन आरे कॉलनीत गेली. बसने, दोघंच. मला बरोबर चला म्हणाली होती, मी नाही म्हटलं. संध्याकाळी परत आली तेव्हा हसत हसत सांगायला लागली की थंड दुधाची एकच बाटली शिल्लक होती, तिने गरम झाली का बघायला एक घोट घेतला, तर ह्याने बाटलीला हात लावला नाही, एवढ्या उन्हात घरी येईपर्यंत तहानलेला राहिला. सांगता सांगता तिचं हसू गेलं. मी नंदूला पाणी दिलं. तो दोन भांडी प्यायला. मला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाची मला लाज वाटली नाही. तेव्हा नाही वाटली.

मुहूर्त काढायला भटजी आले ते पंच्याऐंशीच्या चैत्रात. वैशाखातला दिवस ठरला, मुलुंडचा हॉल ठरला. भटजी यादी सांगत होते आणि सुनंदा लिहून घेत होती. मातृभोजनाला चांदीचं ताट, असं ते म्हणाले. तिने पेन्सिल थांबवली आणि विचारलं, मातृभोजनाला वन्सं बसल्या तर चालेल का?

माझ्या हातात पोह्यांची बशी होती. ती तशीच राहिली.

भटजी तसे जुने माणूस, पण मुंबईत राहून त्यांचे काटे बोथट झालेले. ते म्हणाले, जिने वाढवलं ती माता, असं धरायला हरकत नाही, यजमानांचं काही म्हणणं नसेल तर माझं काही नाही. जयवंत लगेच म्हणाला, ताई, तूच बस. सुनंदा म्हणाली, सात वर्षं तुम्ही केलंत, मी कालची आलेली.

म्हणजे बघा. शास्त्राची हरकत नाही, भावाची नाही, जिचा मान तिचीही नाही. सगळी दारं उघडी. आणि मला बसायचं होतं. इतकं बसायचं होतं की बशी खाली ठेवावी लागली. एकदा, फक्त एकदा, त्याच्या ताटात हात घालून जेवायचं, आणि तेही चारचौघांत, फोटोवाल्यासमोर. सहा महिने मी दुसरा विचार केला नव्हता.

पण भीती माझ्या आधी बोलली. मी सुनंदाला म्हटलं, “शुभकार्यात विधवा पुढे बसवून पोराचं काय करायचंय तुला?”

ती पांढरीफटक पडली. भटजी पंचांगात बघायला लागले. जयवंत म्हणाला, ताई, काय बोलतेस. सुनंदाने पेन्सिल उचलली आणि अगदी हळू म्हणाली की ठीक आहे, मग मी बसते. आणि लिहिलं, चांदीचं ताट.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आल्यावर मी मोरीचं दार लावून रडले. आमच्याकडे पाणी तासभरच येतं. बादली भरून वाहत राहिली, तरी मला कळलं नाही. चंपाबेननी भिंत वाजवली तेव्हा नळ बंद केला.

मग महिनाभर मुंजीची तयारी. मी नंदूला सगळं शिकवलं. मांडी कशी घालायची, पळीने पाणी हातावर कसं घ्यायचं, भिक्षेला कसं उभं राहायचं, गुरुजींनी सांगितलेला शब्द न चाचरता कसा म्हणायचा. लंगोटीची लाज वाटत होती त्याला, ती घालवली. डोकं भादरल्यावर पोरं टपल्या मारतील, रडायचं नाही, हेसुद्धा सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, की त्या दिवशी आईबरोबर एका ताटात जेवायचं असतं. नुसतं राहिलं असं मी म्हणणार नाही. रोज आठवायचं, आणि रोज मी म्हणायची, उद्या सांगू.

मुंजीच्या दिवशी उकडत होतं. हॉलचे दोन पंखे बंद, ते चालू करायला माणूस सापडेना. मी मागच्या बाजूला, आचाऱ्यांच्या खोलीच्या दाराशी. तिथून व्यासपीठ दिसायचं आणि कुणाला मी दिसायची नाही. पुण्याहवाचन झालं. जयवंत सोवळ्यात, सुनंदा शेजारी हिरव्या शालूत. चांगली दिसत होती, मी कबूल करते. मग पाट मांडले. चांदीचं ताट ठेवलं, ते विमलाच्या माहेरचं. शेजारी आठ मुंजे मुलगे ओळीने जेवायला बसवले, तशी पद्धत आहे. मुहूर्त अकरा बावन्नचा आणि घड्याळात साडेदहा वाजून गेलेले. न्हावी कोपऱ्यात वस्तरा पाजळून तयार.

ठाण्याच्या चुलतभावाची बायको कमल सूचना देत होती. तिला सूचना द्यायला फार आवडतं. तिने सुनंदाला सांगितलं, आधी तू एक घास घे, मग त्याला भरव. सुनंदाने वरणभात कालवला, तूप घातलं, एक घास आपण खाल्ला. मग त्याच ताटातला दुसरा घास केला आणि नंदूच्या तोंडाशी नेला.

नंदूने तोंड मिटून घेतलं.

सुरुवातीला बायका हसल्या. लाजतोय मेला, म्हणाल्या. सुनंदाने हात तसाच धरला. तो मान फिरवेना, रडेना, काही करेना. नुसता ओठ मिटून बसला. भटजी म्हणाले, बाळ, घे. बाप म्हणाला, नंदू, घे रे. आठ मुंजे मुलगे जेवता जेवता थांबून त्याच्याकडे बघायला लागले. कमल म्हणाली, सावत्र ती सावत्रच, पोराला कळतं हो. हळू म्हणाली, पण तिचं हळू म्हणजे तिसऱ्या रांगेत ऐकू जातं. सुनंदाने ऐकलं. तिच्या मनगटावरून तुपाचा ओघळ शालूच्या काठापर्यंत आला.

मग नंदू म्हणाला, “उष्टं आहे.” आणि मान वळवून मला शोधायला लागला.

जयवंत व्यासपीठावरून उतरून माझ्याकडे आला. त्याच्या कपाळावर घाम होता. म्हणाला, ताई, तू सांग त्याला, तुझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाही. मी म्हटलं, मी पुढे येत नाही. तो म्हणाला, मुहूर्त जाईल.

खरं सांगते. त्या मिनिटाला मला आनंद झाला होता. पोटातून झाला. सव्वा वर्ष ती घरात होती आणि एक घास तिला भरवता येईना. एवढा मोठा शालू, एवढं चांदीचं ताट, आणि पोर माझं. आता मी म्हटलं असतं की त्याला नको असेल तर राहू द्या, भटजींनी दुसरा मार्ग काढला असता. कदाचित माझंच नाव पुन्हा निघालं असतं. हे सगळं मला दाराशी उभ्या उभ्या सुचलं. देवाने त्याबद्दल मला काय द्यायचं ते द्यावं.

मी पुढे गेले. बायकांनी वाट दिली. व्यासपीठाच्या खालीच थांबले, वर चढले नाही. सुनंदाचा हात अजून तिथेच होता, नंदूच्या तोंडापासून चार बोटांवर. खाली घ्यावा हे तिला सुचत नव्हतं की घ्यायचा नव्हता, कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती त्याच्याकडेच बघत होती. तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला की बघायची, तशीच.

मी म्हटलं, “नंदू, खा.”

तो म्हणाला, “उष्टं आहे, आत्या. त्यांनी आधी खाल्लं ह्यातलं.”

“आईचं उष्टं नसतं.”

त्याने विचार केला. हा पोरगा कुठलीही गोष्ट विचार केल्याशिवाय मान्य करत नाही, मीच तसं शिकवलंय. मग विचारलं, “मग तुझं?”

मला एकच शब्द बोलायचा होता आणि तो तोंडाशी आला होता. तो बोलले असते तर घास तिथेच राहिला असता, तिचाही आणि त्याचाही, पुढे जन्मभर.

मी म्हटलं, “माझं असतं. मी आत्या. आई ही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. खोटं बोलले की कळतं त्याला. मी पापणी हलवली नाही. मग त्याने सुनंदाकडे तोंड केलं आणि उघडलं.

फोटोवाल्याने फोटो काढला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सुनंदाने दुसरा घास दिला, तिसरा दिला, तिच्या डोळ्यांतलं पाणी सरळ ताटात पडत होतं आणि नंदू तोच भात खात होता. पाचव्या घासाला तो म्हणाला, पुरे, आई. कमल मोठ्याने म्हणाली, बघा, कसा शहाणा. मी तिथून निघाले.

आचाऱ्याने विचारलं, जिलब्या तळायला घेऊ का. मी हो म्हटलं. पंखे चालू करणारा माणूस सापडला होता, त्याला चहा दिला. तेवढ्यात मुलं ताटं आणून मागच्या नळाशी ठेवायला लागली. शेवंती म्हणून भांडी घासायला बाई बोलावली होती, तिने चांदीचं ताट उचललं, त्यातला भात बघितला आणि म्हणाली, हे टाकू ना?

ताटात दोन घास उरले होते. तुपात भिजलेले, सुनंदाची बोटं उमटलेली.

मी म्हटलं, थांब. आणि ताट तिच्या हातातून घेतलं. नळाकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं, आणि एक घास उचलून खाल्ला. आमच्या ह्यांच्या पानात जेवले होते तेवढं सोडलं तर जन्मात मी कुणाचं उष्टं तोंडात घातलं नव्हतं. ह्या वयाला, ह्या दिवशी, आचाऱ्यांच्या खोलीमागे उभं राहून, चोरासारखी. रडत होते मी, दुसरं काय.

“आत्या.”

नंदू मागे उभा होता. उघडाच, पितांबर नेसलेला, न्हाव्याकडे जायच्या आधी तोंड धुवायला आलेला. त्याने ताट बघितलं, माझं तोंड बघितलं.

“आत्या, ते उष्टं आहे,” तो म्हणाला. अगदी समजावून सांगावं तसं म्हणाला, मी विसरले असेन असं वाटून.

“आहे,” मी म्हटलं. “उष्टंच आहे. तू जा, न्हावी खोळंबलाय.”

तो जाईना. मी त्याचं तोंड धुतलं, पदराने पुसलं, पाठीवर हात ठेवून त्याला दाराकडे वळवलं. तो गेला. मग उरलेला घास मी खाल्ला आणि ताट शेवंतीच्या पुढे ठेवलं.